पऱ्हाटीच्या मुलखातून मुंबईला

सोयाबीन घरात आलं, पहिली वेचणी आटोपली की वाचकांची प्रवासाबद्दलची पत्रं वाढतात. या वेळी बहुतेक पत्रं एकाच शहराबद्दल आहेत. मुंबई कोणत्या क्रमानं पाहावी, कुठं काळजी घ्यावी आणि तिथली श्रीमंती-गरिबी कोणत्या नजरेनं बघावी, असं वाचक विचारतात. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

आमी दोघं नवरा-बायको, साठीच्या आतबाहेर. मुंबई अजून पायली नाई. तीन दिवस हातात हायेत. कोन्त्या महिन्यात जावं, कोन्त्या गाडीनं, अन् उतराव कोठी?
– कापूस उत्पादक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य हे दिवस धरा. तोवर तूर निघालेली असते, दोन-तीन वेचण्या झालेल्या असतात आणि मुंबईची हवाही सोसवते. उन्हाळ्यात जाऊ नका. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर आणि मुंबईत ३३-३४ वर, म्हणून तिकडं गारवा असेल असं वाटतं. पण आपली हवा कोरडी आहे, घाम लगेच वाळतो आणि अंग थंड होतं. तिथं हवेतच इतका ओलावा की घाम अंगावरच राहतो. दिवसभर वावरात राबणारा माणूसही तिथं तासभर चालला की गळून जातो. जुलै-ऑगस्टमध्ये जोराचा पाऊस आणि मोठी भरती एकदम आली की पाणी समुद्रात उतरत नाही, रूळ बुडतात आणि गाड्या जागच्या जागी उभ्या राहतात.

राळेगावकरांना वर्धा जवळ. विदर्भ एक्सप्रेस वर्ध्याला संध्याकाळी मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत सोडते. सेवाग्राम एक्सप्रेसही चालेल, पण ती दुपारकडे पोचते आणि पहिला दिवस अर्धा जातो. यवतमाळ-दारव्ह्याकडच्या वाचकांनी धामणगाव किंवा बडनेरा धरावं. अमरावतीकरांना अमरावतीहूनच सुटणारी मुंबई एक्सप्रेस आहे.

आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती कमी झाली. जुनी मुदत लक्षात ठेवून चार महिने आधी खिडकीवर जाणाऱ्याला हात हलवत परत यावं लागतं. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा आहे. वेटिंगचं तिकीट खिडकीवरून काढलेलं असलं तरी आता स्लीपरच्या डब्यात बसता येत नाही. ‘टीसीला सांगून बघू’ या भरवशावर निघू नका, मधल्या स्थानकावर उतरवतात आणि दंडही होतो. तत्काळ तिकीट आदल्या दिवशी निघतं, वातानुकूलित डब्यांचं सकाळी १० वाजता आणि स्लीपरचं ११ वाजता.

उतरताना दादरला घाई करू नका. गाडी उशिरा धावत असेल तर दादर नेमकं कामावर जाणाऱ्यांच्या गर्दीत येतं, आणि दोन पिशव्या घेऊन तिथले पूल चढणं वयस्कर माणसाला फार जड जातं. शेवटपर्यंत बसा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला गाडी थांबून राहते, सावकाश उतरता येतं. तिकीट काढतानाच ‘सीएसएमटी’ लिहिलंय की ‘एलटीटी’ ते वाचून घ्या. एलटीटी म्हणजे कुर्ल्याजवळचं टर्मिनस, तिथून मुख्य शहर बरंच लांब पडतं. सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये ठेवता येतं, पण पिशवीला कुलूप लागतं आणि प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं. कुलूप नसलेली कापडी पिशवी घेत नाहीत. साखळीची पिशवी आणि दोन छोटी कुलपं घरूनच न्या.

लॉजवर दोघांचीही मूळ आधार कार्डं लागतात. खोली घेण्याआधी विचारा, दिवस २४ तासांचा धरता की दुपारी १२ पर्यंतचा? सकाळी ७ ला खोली घेतली आणि हिशेब दुपारी १२ चा निघाला, तर पाच तासांसाठी एका दिवसाचं भाडं जातं.

तीन दिवस असे वाटा: पहिला दिवस फोर्टात, म्हणजे सीएसएमटीजवळच्या जुन्या भागात, पायी, दुसरा गिरणगाव (परळ-लालबागचा गिरण्यांचा भाग) आणि दादर, तिसरा घारापुरी बेट. तिसरा दिवस सोमवार नको, लेणी त्या दिवशी बंद असतात. रविवारी लोकलवर भरवसा ठेवू नका. मेगाब्लॉकमुळे, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवल्यामुळे, सकाळी ११ ते दुपारी ४ च्या आसपास मध्य आणि हार्बर मार्गावरच्या बऱ्याच गाड्या रद्द होतात किंवा वळवल्या जातात.

आमचे आजोबा सांगत की खामगावचा कापूस मुंबईला जायचा आणि त्यावर मुंबई उभी राहिली. हे कितपत खरं? मुंबईत त्याची काही खूण पाहायला मिळते का?
– महाविद्यालयीन विद्यार्थिनी, खामगाव, जि. बुलडाणा

आजोबांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. या खुणांच्या मागानं मुंबई पाहिली तर ते शहर विदर्भातल्या माणसाला परकं वाटत नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं.

आधी इतिहास थोडक्यात. १८५३ मध्ये निजामाकडच्या थकबाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी ३४ किलोमीटर धावली. पुढं हेच रूळ वऱ्हाडातून येत १८६७ मध्ये नागपूरला पोचले. तोवर माल बैलांच्या पाठीवर आणि बंड्यांतून जात असे. मधल्या काळात, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथल्या दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेची रुई मिळेना. मग हिंदुस्थानी रुईचे भाव आकाशाला भिडले आणि तो पैसा मुंबईत ओतला गेला. समुद्रात भराव घालून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या, त्यांच्या शेअर्सवर सट्टा चालला. १८६५ मध्ये युद्ध संपलं, भाव कोसळले आणि पेढ्या बुडाल्या. पण रेल्वे आणि बाजार टिकले. तुमच्या खामगावचा जलंब फाटा १८७० मध्ये कापसासाठीच टाकला गेला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो तो सुरू करायला स्वतः आले होते. मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला हीदेखील कापूस मुख्य मार्गावर आणून सोडणारीच गाडी.

आता खुणा. सीएसएमटीच्या इमारतीपासून सुरुवात करा. फ्रेडरिक स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं ती आखली, काम १८७८ मध्ये सुरू झालं, आणि २००४ पासून ती जागतिक वारसा यादीत आहे. रस्ता ओलांडून समोर उभं राहा, जवळून घुमट दिसत नाही. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह आणि दुसरीकडे वाघ आहे. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. तिथून दादाभाई नौरोजी रस्त्यानं एखादा किलोमीटर चाललं की हुतात्मा चौक येतो. १९६० मध्ये आपण ज्या महाराष्ट्रात आलो, तो मुंबईसह मिळावा म्हणून गोळ्या झेललेल्यांचं हे स्मारक आहे. तिथं थांबल्याशिवाय पुढं जाऊ नका.

चौकातून समुद्राच्या दिशेनं पाचेक मिनिटांत हॉर्निमन सर्कल लागतं. आज तिथं गोल बाग आणि भोवती कमानींच्या इमारती दिसतात, पण पूर्वी ते मोकळं मैदान होतं आणि त्यावर रुईच्या गाठींच्या थप्प्या लागत. याच परिसरात वडाखाली दलाल जमत. त्यांची संस्था १८७५ मध्ये बांधली गेली आणि तीच आजचा मुंबई शेअर बाजार झाली. एशियाटिक सोसायटीच्या १८३३ च्या टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून हा सगळा परिसर नजरेत येतो.

नंतर ओव्हल मैदानावर या. तिथून विद्यापीठाचा राजाबाई टॉवर दिसतो, उंची २८० फूट, १८७८ मध्ये पुरा झाला. कापसाच्या व्यापारात अमाप कमावलेले प्रेमचंद रायचंद यांनी त्यासाठी देणगी दिली. राजाबाई त्यांच्या आई. मैदानाच्या मधोमध उभं राहिलं तर पूर्वेला एकोणिसाव्या शतकातल्या गॉथिक दगडी इमारती आणि पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती दिसतात. या दोन्ही रांगांना मिळून २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्या चुन्या-दगडात आपल्या काळ्या मातीचाही वाटा आहे.

रुईचा बाजार पुढं कुलाब्याला आणि विसाव्या शतकात शिवडीजवळच्या भरावावर गेला. त्याचं नाव आजही हार्बर मार्गावरच्या कॉटन ग्रीन स्थानकाला आहे. सीएसएमटीहून पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत बसा, रे रोडनंतरचं स्थानक. स्थानकाजवळ जुनी कॉटन एक्स्चेंजची इमारत आणि गोदामांच्या रांगा दिसतात. एक हिशेब तिथं आठवा. उतारा ३४ टक्के धरला तर ५ क्विंटल कापसातून १७० किलो रुईची एक गाठ बनते, बाकी सरकी आणि घट. आपण कापूस क्विंटलनं विकतो, मुंबईचा बाजार रुईचा भाव आजही खंडीनं बोलतो. एक खंडी म्हणजे ३५६ किलो रुई, म्हणजे साधारण साडेदहा क्विंटल कापूस. मोबाइलवर येणारा मुंबईचा भाव आपल्या मोंढ्याच्या भावाशी ताडताना हा हिशेब ध्यानात नसला की घोळ होतो.

मग गिरणगाव. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढायला घेतली. पुढं परळ-लालबागभोवती भोंग्यांवर चालणारं एक अख्खं शहर वसलं. कापूस आपला, हात बहुतेक कोकणातले आणि साताऱ्याकडचे, भांडवल शेठ-सावकारांचं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या.

हा भाग पायीच पाहा. सीएसएमटीहून धीम्या लोकलनं करी रोडला उतरा आणि पश्चिमेला ना. म. जोशी मार्गावर या. बीडीडी चाळी १९२० च्या दशकात बांधल्या, एका कुटुंबाला १६० चौरस फुटांची एक खोली आणि संडास सामाईक. त्यांच्या जागी आता बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत आणि मूळ रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरं मिळणार आहेत, तेव्हा जुन्या चाळी पाहायच्या तर लवकर जा. तिथून पूल ओलांडला की पलीकडे फिनिक्स गिरणीच्या आवारात झालेला मॉल आहे, गिरणीची चिमणी अजून उभी आहे. दोन्हींमध्ये अंतर पायी वीसेक मिनिटांचं. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला स्वस्त घरांसाठी आणि उरलेला मालकाला, अशी वाटणी होती. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जागेला लागू झाली. बांधकामाखालची जमीन, म्हणजे बहुतेक सगळी, वाटणीतून सुटली. आज तिथं दिसणाऱ्या टॉवरांचा पाया हा बदल आहे, आणि आमच्या मते गिरणी कामगारांवर झालेला तो मोठा अन्याय होता.

बचत गटाच्या आम्ही आठ जणी जाणार आहोत. लोकलची फार भीती वाटते. नेमकं कसं चढायचं-उतरायचं?
– बचत गटाच्या सदस्य, ता. गोंडपिपरी, जि. चंद्रपूर

ताई, वेळ सांभाळली तर निम्मी भीती तिथंच जाते. सकाळी ८ ते ११ गर्दी सीएसएमटी आणि चर्चगेटकडे येते, संध्याकाळी ५ ते ९ उलट जाते. तुमची राहण्याची जागा फोर्टाकडे असेल तर सकाळी तुम्ही गर्दीच्या उलट दिशेनं निघाल आणि गाडी बरीच मोकळी मिळेल.

फलाटावरच्या फलकावर शेवटच्या स्थानकाचं नाव, वेळ, गाडी धीमी की जलद आणि डबे किती हे दिसतं. सगळ्यात जास्त चूक धीमी-जलदमध्ये होते. सीएसएमटीहून धीमी गाडी मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड, परळ, दादर अशी सगळीकडे थांबते. जलद भायखळ्यानंतर साधारणपणे थेट दादर गाठते. करी रोडला जायचं आणि जलद गाडी पकडली, तर दादरहून परत यावं लागतं.

महिलांचे डबे कुठं थांबतील त्याच्या खुणा फलाटावर रंगवलेल्या असतात, तिथंच उभ्या राहा. उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या, मग चढा, आणि चढल्यावर दारात थांबू नका. उतरायचं स्थानक येण्याआधी एक स्थानक उठून दाराकडे सरका. दादरला उतरायचं तर परळ गेल्यावर नव्हे, करी रोड गेल्यावर उठा. पुढच्या स्थानकाची घोषणा मराठीत होते, फलाट कोणत्या बाजूला ते समोरच्या बाईला विचारा, मुंबईच्या बाया हे आनंदानं सांगतात. बारा वर्षांवरचा मुलगा सोबत असेल तर त्याला महिला डब्यात घेऊ नका.

आठही जणी एका दारातून चढण्याचा हट्ट नको. चार-चार जणींचे दोन गट करा आणि आधीच ठरवून ठेवा: कोणी मागे राहिली तर पुढच्यांनी उतरायच्या स्थानकात फलाटावरच्या तिकीट खिडकीकडच्या जिन्यापाशी थांबायचं, मागच्यांनी पुढच्या गाडीनं यायचं. चालू गाडीत उडी मारायची नाही, चालत्या गाडीतून उतरायचं नाही. पादचारी पुलावर, विशेषतः पाऊस आला असता, जिन्यात आडोशाला थांबू नका. २०१७ मध्ये परळ-एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर अशाच गर्दीत चेंगरून २३ जणांचा जीव गेला.

द्वितीय वर्गाचं तिकीट घेऊन प्रथम वर्गात शिरलं की दंड होतो. डब्यावर ‘प्रथम श्रेणी’ लिहिलेलं असतं, चढण्याआधी वाचा. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला चालत नाही, तिथून पुढं काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्ट बस. कफ परेड ते आरे ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. ती हुतात्मा चौक, सीएसएमटी, गिरगाव, वरळी, सिद्धिविनायक, दादर अशी जाते, आणि गर्दीचा धसका असलेल्यांनी लोकलऐवजी तीच धरावी.

आठवी-नववीच्या ४० मुलांची सहल न्यायची आहे. मुंबईतली श्रीमंती आणि गरिबी दोन्ही मुलांनी पाहावी असं वाटतं. धारावी दाखवावी का?
– शिक्षक, आष्टी, जि. वर्धा

गुरुजी, धारावीला नुसतं ‘बघायला’ ४० मुलं नेऊ नका. गल्ल्या काही ठिकाणी जेमतेम दोन माणसं जातील एवढ्या आहेत, आणि तिथं लोक राहतात, काम करतात. आपल्या घराच्या पडवीत कोणी रांगेनं येऊन फोटो काढले तर आपल्याला कसं वाटेल, हे मुलांना विचारा. जायचंच तर दहा-दहाच्या गटानं, कामाच्या जागी आणि काही विकत घ्यायला जा. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या पिढ्या भट्ट्या लावतात. मुलांनी पणत्या घ्याव्यात, माती कुठून येते, भट्टीला काय घालता, असं विचारावं. मुख्य रस्त्यावर चामड्याच्या वस्तूंची दुकानं आहेत. फोटो विचारल्याशिवाय नाही, घरांच्या आत डोकावणं नाही. महालक्ष्मीचा धोबीघाट स्थानकालगतच्या पुलावरूनच छान दिसतो, खाली उतरायची गरज पडत नाही.

एक गोष्ट मुलं सहसा विसरत नाहीत. भुयारी मेट्रोत धारावी स्थानकातून बसा आणि पुढच्याच स्थानकावर उतरा, ते वांद्रे-कुर्ला संकुल. काचेच्या बँका आणि मोठमोठी कार्यालयं. अंतर एका स्थानकाचं.

तयारी मात्र निघण्याआधी शाळेतच करा. मैदानावर चुन्यानं १० फूट बाय १६ फूट असा चौकोन आखा, बीडीडी चाळीतली खोली एवढीच असते. त्यात आठ मुलांना बसवा, चूल कुठं, पाण्याचं पिंप कुठं, अंथरूण कुठं हे त्यांनाच ठरवू द्या. बाजूला २० बाय २५ चा चौकोन आखा, नव्या घराचा. मग सांगा की २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे सव्वा कोटी होती आणि त्यातली चाळीस टक्क्यांहून अधिक माणसं झोपडपट्टीत राहत होती. टिनाच्या छपराखाली वाढलेल्या आपल्या मुलांना गरिबी काय ते शिकवायला मुंबई लागत नाही. घरामागं अंगण नसणं म्हणजे काय, हे त्यांना या चौकोनात बसून कळेल.

आष्टीच्या शाळेनं ऑगस्ट क्रांती मैदान चुकवू नये. १४ जुलै १९४२ ला वर्ध्यात काँग्रेस कार्यसमितीनं ठराव केला, ८ ऑगस्टला मुंबईच्या या मैदानावर ‘छोडो भारत’ची हाक दिली गेली, आणि १६ ऑगस्टला आष्टी आणि चिमूर पेटलं. ग्रँट रोड स्थानकाहून मैदान पंधरा मिनिटांवर आहे, तिथून मणिभवन जवळच. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजी मुंबईत आले की तिथं उतरत. खर्चाबद्दल: एसटीला शालेय सहलीसाठी भाड्यात ५० टक्के सवलत आहे, रेल्वेचीही ग्रामीण सरकारी शाळांना वर्षातून एका अभ्याससहलीसाठी सवलत आहे. मुख्याध्यापकांच्या सहीची यादी आणि पत्र घेऊन स्थानकाच्या वाणिज्य कार्यालयात लवकर जा, आयत्या वेळी ते काम होत नाही.

आम्ही दरवर्षी ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जातो आणि लगेच परततो. बाबासाहेबांशी जोडलेल्या आणखी कोणत्या जागा त्याच फेरीत होतील?
– वाचक, पुसद

शक्य असेल तर ४ डिसेंबरला पोचा. ६ तारखेला दादरमध्ये रांगेतच अनेक तास जातात, दुसरं काही होत नाही. ५ तारखेच्या सकाळी दादर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह पाहा. बाबासाहेबांनी १९३० च्या दशकात हे घर पुस्तकांसाठी बांधलं, तळमजल्यावर त्यांच्या वस्तू जतन केल्या आहेत. नंतर परळची बीआयटी चाळ. बाबासाहेब तिथं वीस वर्षांहून अधिक काळ दोन खोल्यांत राहिले, बॅरिस्टर झाल्यावरही. चाळीत कुटुंबं राहतात, आवाज न करता बाहेरूनच पाहा. फोर्टात सिद्धार्थ महाविद्यालय आहे, ते १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं सुरू केलं. दादर पश्चिमेला इंदू मिलच्या जागेवर स्मारकाचं काम चालू आहे. म्हणजे गिरणीच्या जमिनीचं काय काय होऊ शकतं, त्याचं हे एक वेगळं रूप.

शिवाजी पार्कवर पुस्तकांची जी दुकानं लागतात, तिथं ५ तारखेला दुपारी जा, ६ ला पानं चाळायलाही जागा मिळत नाही. नागपूरहून जादा गाड्या सुटतात, त्या बहुतेक अनारक्षित असतात. म्हाताऱ्या माणसांचं परतीचं आरक्षण वेगळं काढून ठेवा, ६ तारखेच्या रात्रीचं नको, ७ चं काढा. रांगेत उन्हात थांबावं लागतं, पाणी आणि डोक्याला पांढरं फडकं सोबत ठेवा. हरवल्यास म्हणून प्रत्येकाच्या खिशात गावाचं नाव आणि दोन मोबाइल क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असू द्या. मोबाइलला त्या दिवशी रेंज मिळेलच असं नाही.

वडिलांना खर्र्यामुळे तोंडाचा कर्करोग झाला आहे. टाटा रुग्णालयात न्यायला सांगितलंय. राहायचं कुठं, खर्च कसा भागवायचा?
– वाचक, ता. धानोरा, जि. गडचिरोली

मुंबईला निघण्याआधी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात किंवा तिथल्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये विचारून घ्या. बरेचसे उपचार तिथं होतात आणि महिनोन्महिने मुंबईत राहण्याचा खर्च वाचतो. तरीही जायचं ठरलं तर तपासणीच्या कागदांबरोबर बायोप्सीच्या काचपट्ट्या आणि मेणाचा ठोकळाही मागून घ्या. नुसता अहवाल नेला तर तुकडा पुन्हा काढावा लागू शकतो आणि दिवस जातात. स्कॅनची सीडी, वडिलांचं आणि तुमचं आधार कार्ड, शिधापत्रिका मूळ प्रतीत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका लागते.

रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोग रुग्णाला स्लीपरचं भाडं पूर्ण माफ आहे आणि सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के सवलत. त्याचा ठरलेला अर्ज रुग्णालयातून भरून, शिक्का घेऊन तिकीट खिडकीवर द्यावा लागतो. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णाला बसता येतं, फाइल हातात ठेवा.

राहण्यासाठी रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकांना पहिल्याच दिवशी भेटा, धर्मशाळांसाठी त्यांची चिठ्ठी लागते. दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे आपले गाडगेबाबा, त्यांच्या नावानं चालणारी ही जागा दूरच्या रुग्णांचा मोठा आधार आहे. जागा नसेल तर नाव नोंदवून रोज चौकशी करा. रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर मुक्काम टाकलेली कुटुंबं दिसतील. तिथं कोणी ‘लवकर नंबर लावून देतो’ म्हणत पैसे मागितले तर देऊ नका. नंबर फक्त खिडकीवर लागतो.

समृद्धी महामार्गानं आमची सात आसनी गाडी घेऊन गेलो तर?
– वाचक, मालेगाव, जि. वाशीम

७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला आहे. तिथवर प्रवास सरळ होतो, खरी अडचण त्यानंतर सुरू होते. दक्षिण मुंबईत गाडी लावायला जागा मिळत नाही आणि लॉजवाल्यांकडे ती नसतेच. गाडी ठाणे-कल्याणकडच्या नातेवाइकांच्या दारात ठेवा आणि पुढं लोकलनं जा. निघण्याआधी टायरची हवा आणि झीज तपासा. सरळ सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास वेगात टायर तापतात आणि जुने टायर फुटतात. दर दोन तासांनी थांबा, एकसुरी रस्त्यावर डोळा लागतो.

समुद्र पहिल्यांदाच पाहणार आहोत. कुठं पाहावा? आणि घरून नेलेलं जेवण तिथं टिकतं का?
– वाचक, धारणी (मेळघाट)

समुद्र दिवसातून दोनदा भरतो आणि दोनदा ओसरतो. भरती-ओहोटीत सव्वासहा तासांच्या आसपास अंतर असतं आणि रोज ती वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढं सरकते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण मोठं. तिथीची दिनदर्शिका सोबत असली तरी पुरते. हाजी अलीच्या दर्ग्याची वाट मोठ्या भरतीत पाण्याखाली जाते, तेव्हा आधी विचारून जा. मरीन ड्राइव्हला संध्याकाळी सूर्य बुडताना बसा, पण कठड्यापलीकडच्या सिमेंटच्या चौपायी ठोकळ्यांवर उतरू नका. ते शेवाळानं निसरडे असतात आणि मधल्या फटीत पाय अडकला की लाट ओढून नेते. गिरगाव किंवा जुहूला पाय भिजवा, पण नदीत पोहता येतं म्हणून खोल जाऊ नका. परतणारी लाट पायाखालची वाळू काढून घेते.

जेवणात दशम्या न्या, पण पाणी न घालता दुधात भिजवलेल्या, आणि पूर्ण गार झाल्यावर बांधा. आपल्याकडे त्या तीन दिवस सहज राहतात, तिथल्या दमट हवेत दीड दिवस धरा. शेंगदाण्याची कोरडी चटणी, तिखट पुऱ्या चालतात. ओला ठेचा पहिल्याच रात्री संपवा. नंतर उसळ-पाव, वडापाव आणि खानावळीतली थाळी आहेच.

खरा समुद्र घारापुरीच्या वाटेवर भेटतो. गेटवे ऑफ इंडियाहून सकाळी नऊपासून लाँच सुटतात, तासाभराचा प्रवास. परतीचं तिकीट एकदमच निघतं, ते सांभाळून ठेवा. लाइफ जॅकेट दिलं नाही तर मागा आणि अंगात घालूनच बसा. गेटवेच्या शेजारी १९०३ मध्ये उघडलेलं ताज हॉटेल आहे, आणि १९२४ मध्ये पुऱ्या झालेल्या त्या कमानीतूनच २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रजांची शेवटची पलटण गेली. बेटावर धक्क्यापासून लेण्यांपर्यंत सुमारे १२० पायऱ्या आहेत. गुडघे दुखत असतील तर सकाळच्या पहिल्या लाँचनं जा, ऊन चढण्याआधी वर पोचता येतं. माकडं हातातलं खाणं हिसकावतात, डबा पिशवीच्या तळाशी ठेवा. मुख्य लेण्यातली तीन मुखांची शिवमूर्ती वीसेक फूट उंच आहे. आत शिरल्यावर डोळे अंधाराला सरावू द्या, मग तिच्या उजव्या-डाव्या चेहऱ्यांतला फरक दिसू लागतो. बेटावर गावं आहेत. पलीकडे मुंबईचे दिवे रात्रभर दिसत असताना, या गावांत समुद्राखालून केबल टाकून कायमची वीज आली ती २०१८ मध्ये. पायऱ्यांवर टोप्या, ताक, काकडी विकणाऱ्या बहुतेक बाया त्याच गावांतल्या. जे घ्यायचं ते त्यांच्याकडूनच घ्या. शेवटची लाँच साडेपाचच्या सुमारास निघते, पण तिला गर्दी फार असते. साडेचारलाच धक्क्यावर या.